सहानंतर ग्लास बाहेर नको

लंडनच्या सोहो भागात, बर्विक स्ट्रीटवर, ‘द एन्ड्युरन्स’ नावाचा पब होता. बिअरचा ग्लास हातात घ्यायचा, बाहेर फुटपाथवर उभं राहायचं आणि गप्पा हाणायच्या, हा तिथल्या गिऱ्हाइकांचा रिवाज. सोहोत लोक राहतातही, आणि त्यांना त्या गोंगाटाचा त्रास होत होता. प्रकरण वेस्टमिन्स्टर पालिकेपुढे आलं. पालिकेने पब बंद केला नाही, दंडही केला नाही. परवान्यात एक अट घातली: संध्याकाळी सहानंतर उघडा ग्लास घेऊन कोणी बाहेर जायचं नाही.

एवढ्या एका अटीवरून भांडण दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात गेलं, तिथून उच्च न्यायालयात, आणि जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने त्याचा निकाल दिला. पबमालकांचं म्हणणं होतं, की अपिलात सगळं प्रकरण नव्याने ऐकलं जातं, मग पालिकेच्या निर्णयाला वजन कशासाठी द्यायचं? न्यायमूर्ती टूलसन यांनी ते मानलं नाही. पुरावा नव्याने घ्या, पण पालिकेने दिलेली कारणंही नीट वाचा, आणि निर्णय चुकला हे दाखवण्याची जबाबदारी अपील करणाऱ्याची, असं त्यांनी सांगितलं. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. धंद्याला होणारा फायदा, गिऱ्हाइकांचा आनंद, परिसराची रौनक आणि शेजाऱ्यांची झोप यांत तडजोड कुठे करायची, हे ठरवताना खरं-खोटं करून भागत नाही. तिथे तारतम्य लागतं, आणि ते लोकांनी निवडून दिलेल्या स्थानिक मंडळींनी आधी वापरलेलं असतं.

अशा प्रकरणांवर आयुष्यभराची वकिली करणाऱ्या बॅरिस्टरांचा एक छोटासा वर्ग इंग्लंडमध्ये आहे. पब, नाइटक्लब, कॅसिनो, सट्ट्याची दुकानं, टॅक्सी, रस्त्यावरचे विक्रेते अशी त्यांच्या कामाची व्याप्ती. तिथे रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात नुसतं गरम खाणं विकायचं तरी परवाना लागतो, म्हणजे कबाबच्या दुकानदारालाही कधी ना कधी या मंडळींची गरज पडते. फौजदारी वकील भूतकाळाशी झुंजतो: त्या रात्री काय घडलं, कोणी केलं, पुरावा काय. परवान्याच्या वकिलाला पुढचं सांगायचं असतं. हा माणूस, ही जागा, ही वेळ यांना मोकळीक दिली तर उद्या काय होईल? झालेल्या गोष्टींचा पुरावा तो आणतो, तो उद्याचा अंदाज बांधण्यासाठी.

दारूच्या परवान्यांचं काम पूर्वी दंडाधिकाऱ्यांकडे असे. २००३ च्या परवाना कायद्याने ते पालिकांकडे सोपवलं आणि २४ नोव्हेंबर २००५ पासून ती पद्धत लागू झाली. कायद्यात चार उद्दिष्टं दिली आहेत: गुन्हे आणि दंगामस्ती रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांना अपायापासून वाचवणं. पालिकेच्या उपसमितीतले तीन नगरसेवक सुनावणी घेतात. समोर कधी पोलीस असतात, कधी ध्वनिप्रदूषण बघणारे अधिकारी, कधी वरच्या मजल्यावरच्या आजी. साक्षीपुराव्याचे कडक नियम नसतात, ऐकीव माहितीही चालते, बऱ्याच ठिकाणी बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. ज्याला लांबलचक उलटतपासणीची सवय आहे, असा नामांकित फौजदारी वकील इथे पहिल्या पाच मिनिटांत समिती गमावून बसू शकतो. नगरसेवकांना तो रस्ता ठाऊक असतो. त्यांच्यापुढे वक्तृत्व चालत नाही, तपशील चालतो.

त्यामुळे या वकिलीचं निम्मं काम न्यायालयाबाहेर होतं, आणि तेही रात्री. बॅरिस्टरला ती जागा स्वतः पाहावी लागते. रांग कुठून कुठे लागते, सिगारेट ओढणारे कुठे उभे राहतात, क्लब सुटल्यावर लोक बसथांब्याकडे वळतात की घरांच्या गल्लीतून जातात, रिकाम्या बाटल्या किती वाजता पिंपात ओतल्या जातात. हे पाहिल्याशिवाय अट लिहिता येत नाही, आणि या वकिलाची खरी कसोटी अट लिहिण्यात लागते. ‘गिऱ्हाइकांनी शांतता राखावी’ ही अट वाचायला छान आहे, पण ती पाळली की मोडली हे कोण ठरवणार? ‘रात्री दहा ते बंद होईपर्यंत दारावर दोन परवानाधारक सुरक्षारक्षक हवेत’, ‘पदपथावर एका वेळी दहापेक्षा जास्त धूम्रपान करणारे नकोत’, ‘अकरानंतर बाटल्या बाहेर ओतायच्या नाहीत’ असं लिहिलं तर तपासणारा अधिकारी मोजू शकतो आणि चालवणाऱ्यालाही आपल्याला काय करायचं आहे ते कळतं. यात ढिलाई परवडत नाही, कारण परवान्याची अट जाणूनबुजून मोडून धंदा चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सुनावणीआधी व्हरांड्यात पोलिसांचा वकील आणि क्लबचा वकील एकाच कागदावर डोकं घालून शब्द बदलताना दिसतात, ते याचसाठी.

अर्थात पालिका किंवा दंडाधिकारी म्हणतील ती पूर्व दिशा, असंही नाही. इंग्लंडमधल्या ‘विरल’ नावाच्या भागातल्या सॉघल हॉटेलचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. ‘डॅनियल थ्वेट्स’ या मद्यकंपनीला तिथली वेळ वाढवून मिळाली होती आणि पोलिसांनी आपली हरकत मागे घेतली होती. रहिवाशांच्या अपिलावर दंडाधिकाऱ्यांनी वेळ पुन्हा कमी केली. कारण काय, तर दुसरीकडचे पिणारे उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या या पबकडे वळतील, ही भीती. मधल्या काळात पब वाढीव वेळेत चालू होता आणि तसं काही घडल्याचा पुरावा नव्हता. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. भीती समजण्यासारखी असली, तरी तिच्या पाठीशी पुरावा हवा. हा निकाल आणि सोहोचा निकाल एकमेकांशेजारी ठेवले की परवान्याच्या वकिलाचं सगळं रणांगण दिसतं. धंद्याच्या बाजूचा वकील सॉघलवर बोट ठेवतो, पालिकेचा वकील सोहोवर. बहुतेक प्रकरणं या दोहोंच्या मधे कुठेतरी मिटतात.

‘फॅब्रिक’ या नाइटक्लबचं प्रकरणही असंच मधे मिटलं. लंडनमधल्या स्मिथफील्डच्या मांसबाजारासमोर १९९९ मध्ये सुरू झालेला हा क्लब जगभर नावाजलेला. २०१६ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने अठरा वर्षांच्या दोन मुलांचा अमली पदार्थांमुळे मृत्यू झाला. इझलिंग्टन पालिकेत ६ सप्टेंबरला सुरू झालेली सुनावणी मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली आणि क्लबचा परवाना रद्द झाला. विशेष म्हणजे नऊ महिन्यांपूर्वीच, डिसेंबर २०१५ मध्ये, एका न्यायाधीशाने याच क्लबच्या व्यवस्थेची तारीफ करून अमली पदार्थ हुंगणारे कुत्रे ठेवण्याची अट काढून टाकली होती. आता दीड लाखाच्या वर लोकांनी परवान्यासाठी सह्या केल्या. अपिलाची तारीख जवळ आली तेव्हा मात्र दोन्ही बाजू बोलणीला बसल्या आणि नोव्हेंबरमध्ये समझोता झाला: प्रवेशाच्या वेळी ओळखपत्रं स्कॅन करायची, किमान वय वाढवून एकोणीस करायचं, आत कॅमेरे आणि साध्या वेशातली पाळत वाढवायची, अमली पदार्थांसह सापडणाऱ्याला कायमची बंदी. जानेवारी २०१७ मध्ये क्लब उघडला. गेलेली दोन मुलं परत येणार नव्हती. पण क्लब बंद ठेवला असता तर तीच गर्दी कुठल्यातरी गोदामात, डॉक्टर आणि सुरक्षारक्षक नसलेल्या जागी गेली असती, हे म्हणणं मला पटतं.

अटींची दुसरी बाजू महाराष्ट्राने पाहिली आहे. डान्स बारवरची २००५ ची सरसकट बंदी टिकली नाही तेव्हा राज्याने २०१६ मध्ये परवान्यांचा कायदा आणला. त्यात शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटरचं अंतर, आत कॅमेरे, दारू पिण्याची खोली आणि नाचाची जागा यांत पडदाभिंत अशा अटी होत्या. मुंबईसारख्या शहरात एक किलोमीटरच्या आत शाळाही नाही आणि मंदिरही नाही अशी जागा शोधून दाखवा! १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अटी रद्द केल्या. पाळताच येणार नाही अशी अट म्हणजे बंदीच, आणि ती उघडपणे घातलेल्या बंदीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर परवान्याचा शिक्का असतो.

आता जुगाराकडे वळू. इंग्लंडमध्ये रस्त्यावरची सट्ट्याची दुकानं कायदेशीर झाली ती १९६० च्या कायद्यानंतर, मे १९६१ पासून. त्याच कायद्यातल्या फटींतून कॅसिनो फोफावले, त्यांच्या मागोमाग गुंडगिरी आली, आणि १९६८ च्या कायद्याने गेमिंग बोर्ड नेमलं. या बोर्डाने लंडनमधल्या प्रसिद्ध क्रॉकफर्ड्स क्लबच्या दोन फ्रेंच संचालकांना संमतिपत्र नाकारलं, आणि कारण सांगायचंही नाकारलं. १९७० मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्यापुढे हे प्रकरण आलं. माहिती कोणी पुरवली हे बोर्डाने उघड करू नये, नाहीतर उद्या गुंडांविरुद्ध कोणी तोंड उघडणार नाही. पण संशय कसला आहे, हे अर्जदाराला कळायला हवं, म्हणजे त्याला उत्तर देता येईल, असा तो निकाल. अर्जदार हरले. तरीही त्यातला न्याय्य वागणुकीचा विचार कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो.

बेचाळीस वर्षांनी तोच क्रॉकफर्ड्स पुन्हा गाजला. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकन खेळाडू फिल आयव्ही तिथे पुंटो बँको खेळायला बसला. या खेळात कौशल्याला वाव नाही. पैसा एका बाजूवर लावायचा, पत्ते उघडतात, बस. कॅसिनोचा फायदा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतो. आयव्हीबरोबर चंग यिन सन ही जाणकार स्त्री होती. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी कापताना दोन्ही कडांना अगदी तंतोतंत सारखी बसत नाही, हा बारकावा दोघांनी हेरला होता. आपण अंधश्रद्ध आहोत असं भासवून त्यांनी पत्ते वाटणाऱ्या मुलीला काही पत्ते उलट दिशेने फिरवून ठेवायला लावले. सात, आठ, नऊ हे उपयोगाचे पत्ते एका दिशेला, बाकीचे दुसऱ्या. पत्ते पिसायला यंत्र असावं, असाही आग्रह धरला, कारण यंत्र पत्त्याची दिशा बदलत नाही. मग हाच जोड नशीबवान आहे असं सांगून तो बदलू दिला नाही. पहिला पत्ता उघडण्याआधीच तो कुठल्या गटातला हे कळू लागलं, आणि कॅसिनोचा तो एक टक्का उलटून आयव्हीच्या बाजूला सुमारे साडेसहा टक्के फायदा गेला. दोन दिवसांत ७७ लाख पौंडांची कमाई झाली. कॅसिनोने तपासणी केली, लावलेले पैसे परत दिले आणि जिंकलेले द्यायला नकार दिला.

आयव्ही न्यायालयात गेला आणि आपण काय केलं ते त्याने लपवलं नाही. ही माझ्या मते फसवणूक नव्हे, कॅसिनोवर केलेली कायदेशीर मात आहे, असं तो म्हणाला, आणि त्याला मनापासून तसं वाटतं हे न्यायाधीशांनीही मान्य केलं. तरी तो हरला. २५ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की नुसतं निरीक्षण करणं वेगळं, आणि काय चाललं आहे हे ठाऊक नसलेल्या मुलीकडून पत्ते फिरवून घेऊन खेळच बदलून टाकणं वेगळं. मग न्यायमूर्तींनी आणखी पुढे जाऊन, अप्रामाणिकपणा ओळखण्याची १९८२ पासून चालत आलेली कसोटीही मोडीत काढली. आपलं कृत्य लोकांच्या दृष्टीने अप्रामाणिक ठरेल हे आरोपीला उमगलं होतं का, हा प्रश्न त्यांनी गाळला. त्याला वस्तुस्थिती काय वाटत होती ते बघा आणि मग सर्वसामान्य प्रामाणिक माणसाच्या मापाने मोजा. कॅसिनोच्या टेबलावरून निघालेल्या या निकालाने इंग्लंडमधल्या चोरी आणि फसवणुकीच्या खटल्यांचं माप बदललं.

आयव्हीला दावा लावता आला, याचं कारण २००५ चा जुगार कायदा. १८४५ पासून इंग्लंडमध्ये पैजेच्या पैशासाठी न्यायालयात जाता येत नसे. ती आडकाठी १ सप्टेंबर २००७ पासून गेली. आपल्याकडे मात्र ती १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० मध्ये आजही शाबूत आहे, आणि मुंबई इलाख्याने तर १८६५ मध्येच स्वतंत्र कायदा करून पैजेला जोडून केलेले बाकीचे करारही निरर्थक ठरवले होते. म्हणजे जो दरवाजा इंग्रजांनी आपल्यासाठी बंद केला, तो स्वतःसाठी त्यांनी पुढे उघडला. मांडवी नदीतल्या बोटींवर गोव्याने कॅसिनोंना परवाने दिले, तरी करार कायद्यातलं हे कलम देशभर तसंच आहे.

२००५ च्या कायद्यात जुगारासाठी तीन उद्दिष्टं आहेत: गुन्हेगारी दूर ठेवणं, खेळ उघड आणि न्याय्य असणं, मुलं आणि असुरक्षित माणसं यांचं रक्षण. शेजाऱ्यांना होणारा उपद्रव यात नाही. शिवाय पालिकेने शक्यतो परवानगी देण्याकडेच कल ठेवावा, असं कायदा सांगतो. याचे परिणाम गरीब वस्त्यांनी भोगले. एका दुकानात सट्ट्याची चारच यंत्रं ठेवता येत, आणि त्या यंत्रावर दर वीस सेकंदांना शंभर पौंडांपर्यंत लावता येत. मग कंपन्यांनी काय केलं? एकाच रस्त्यावर दुकानांमागून दुकानं काढली. पूर्व लंडनच्या न्यूहॅम पालिकेने २०१३ मध्ये ‘पॅडी पॉवर’ला एक परवाना नाकारून पाहिला. अपिलात पालिका हरली. वकिलांनी कायदा नीट वाचला होता, दोष कायद्यात होता. १ एप्रिल २०१९ रोजी संसदेच्या पाठबळाने ती मर्यादा शंभरावरून दोन पौंडांवर आली. मला वाटतं, तोवरची वर्षं वाया गेली, आणि ती ज्यांच्या खिशातून गेली त्यांच्यासाठी कोणी बॅरिस्टर उभा नव्हता.

टॅक्सीच्या क्षेत्रात सगळं एका प्रश्नाभोवती फिरतं: अर्जदार लायक आणि योग्य आहे का? सप्टेंबर २०१७ मध्ये लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने उबरच्या परवान्याच्या नूतनीकरणास नकार दिला. पुढच्या जूनमध्ये अपिलात उबरच्या वकिलांनी वेगळाच पवित्रा घेतला. त्यांनी मान्य केलं, की तेव्हाचा नकार बरोबर होता. पण आता कंपनी बदलली आहे, नवी माणसं आहेत, स्वतंत्र तपासणीचे अहवाल दर सहा महिन्यांनी देऊ. पंधरा महिन्यांचा परवाना मिळाला, आणि प्राधिकरणाचा सव्वाचार लाख पौंडांचा खर्च उबरने भरला. अपील ऐकणारं न्यायालय सुनावणीच्या दिवशीची स्थिती बघतं, म्हणून चूक कबूल करणं ही इथे जिंकण्याची चाल ठरू शकते. फौजदारी खटल्यात असं केलं तर अशील तुरुंगात जाईल.

या वाटेला माणूस लागतो कसा? मराठी वाचकाला बॅरिस्टर म्हटलं की १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. त्या चार संस्था, म्हणजे लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन, आजही बॅरिस्टरची सनद देतात. पण आजचा खडतर टप्पा सनदेनंतर येतो. वर्षभराची उमेदवारी करावी लागते. पहिले सहा महिने ज्येष्ठ बॅरिस्टरच्या मागे फिरून पाहायचं, पुढचे सहा महिने त्यांच्या देखरेखीखाली स्वतः प्रकरणं लढवायची. मग एखाद्या चेंबरमध्ये कायमची जागा मिळाली तर मिळाली. परवान्याचं काम मुद्दाम निवडून येणारे थोडे. बहुतेकांना चेंबरचा क्लार्क एखाद्या संध्याकाळी दूरच्या गावातल्या पबच्या सुनावणीला पाठवतो, आणि गोडी लागते. दारू, संगीत, पत्ते, रात्रपाळीचे चालक, चिडलेले शेजारी, हे सगळं एका बॅरिस्टरच्या पिशवीत येतं, आणि कायद्याच्या इतर शाखांत माणसांची एवढी सरमिसळ मला तरी दिसत नाही.

बॅरिस्टरला आपल्या क्षेत्रातलं आलेलं काम, अशील आवडला नाही म्हणून नाकारता येत नाही, असा तिथला नियम आहे. त्यामुळे आज क्लबसाठी उभा असलेला वकील पुढच्या आठवड्यात पोलिसांसाठी उभा राहतो. जुगार कंपन्यांची बाजू मांडणाऱ्यांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला वाटतं, दोन्ही बाजूंनी लढलेला वकीलच चांगली अट लिहू शकतो, कारण ती कुठून मोडली जाईल हे त्याला ठाऊक असतं. खंत आहे ती दुसरीच. कंपनीकडे आणि पालिकेकडे वकील असतो. रहिवाशाकडे बहुधा नसतो, आणि झोप त्याचीच मोडलेली असते.

या वकिलीचा मोठा हिस्सा आता मोबाइलच्या पडद्यावर सरकला आहे. ऑनलाइन जुगार चालवणाऱ्याला बर्मिंगहॅममधल्या गॅम्बलिंग कमिशनचा परवाना लागतो. मार्च २०२३ मध्ये ‘विल्यम हिल’ गटाच्या कंपन्यांवर १ कोटी ९२ लाख पौंड भरण्याची पाळी आली. त्या चौकशीत पुढे आलेला एक ग्राहक असा, की नवं खातं उघडून त्याने वीस मिनिटांत २३ हजार पौंड घालवले आणि कोणी त्याला अडवलं नाही. २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटवर एका खेळीला पाच पौंडांची मर्यादा आली, आणि २५ वर्षांखालच्यांना दोन पौंडांची. पदपथावरच्या गर्दीऐवजी आता बॅरिस्टरसमोर संगणकाच्या नोंदींचे गठ्ठे येतात, आणि त्याचा पहिला प्रश्न हा असतो: त्या वीस मिनिटांत कंपनीच्या यंत्रणेने कितव्या मिनिटाला इशारा दिला, तो कोणाच्या टेबलावर गेला, आणि त्या माणसाला खातं थांबवायचा अधिकार दिलेला होता का?